चार आकडे आणि बासलचे मास्तर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आमच्या फिजिक्स लॅबच्या टोकाला एक अंधारी खोली होती. काळे पडदे, दमट वास आणि टेबलावर सोडियमचा दिवा. हा दिवा बटण दाबलं की लगेच पिवळा होत नाही. आधी लालसर गुलाबी उजेड पडतो, मग पाच-दहा मिनिटांत आतला सोडियम तापून त्याची वाफ होते आणि खोलीभर एकच एक पिवळा पसरतो. त्या उजेडात बाकीचे रंग मरतात. लाल फाइल काळपट दिसते, निळं पेन काळं दिसतं, माणसं आजारी दिसतात. आम्ही अर्थातच प्रयोग सोडून सेल्फी काढत बसलो होतो.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी प्रयोगाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दिव्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हा पिवळाच का?”

मी पाठ केलेलं सांगितलं. इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत पडतो, फरकाची ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर येते.

“पडतो ना? मग आणखी खाली का नाही पडत? थेट केंद्रापर्यंत?”

“सर, बोरचं पॉस्च्युलेट आहे तसं.”

सर हसले. “पॉस्च्युलेट म्हणजे काय माहितीये का? म्हणजे ‘पुढे विचारू नका’.” मग जर्नलवर सही केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मार्क चांगले पडले. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते हवंही नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षी ऑफिसात घडलं. आमच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा होता, ०.८७. शेजारी इंग्रजीत लिहिलेलं, ‘हा बदलू नका’. कुणी लिहिला, का लिहिला, कुणालाच ठाऊक नाही. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. आकडा काढला की सगळे हिशोब चुकतात, ठेवला की बरोबर येतात. आमच्या धंद्यात अशा आकड्याला मॅजिक नंबर म्हणतात आणि तो सापडला की वरिष्ठ मंडळी नाक मुरडतात. तीन दिवस मी त्याच्या मागे होतो. त्याच दिवसांत रात्री वाचत बसलो असताना मला विज्ञानाच्या इतिहासातला बहुधा सगळ्यात यशस्वी मॅजिक नंबर भेटला. तो एका शाळामास्तरांनी शोधला होता, आणि तो बरोबर का आहे हे कळायला जगाला २८ वर्षं लागली.

पण त्या आकड्यापर्यंत जायचं तर आधी काचेच्या कारखान्यातून जावं लागतं.

योसेफ फ्राउनहोफर हा जर्मनीतल्या एका काचकाम करणाऱ्याचा मुलगा. लहानपणीच आईवडील गेले, म्हणून त्याला म्युनिकमध्ये एका आरसे बनवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. १८०१ साली ते घरच कोसळलं. चौदा वर्षांचा हा मुलगा ढिगाऱ्याखाली सापडला आणि जिवंत बाहेर निघाला. बचावकाम बघायला खुद्द बव्हेरियाचा भावी राजा, तेव्हाचा इलेक्टर, आला होता. त्याने मुलाला पैसे दिले, त्यातून त्याची पुस्तकं आली आणि पुढचं शिक्षण झालं. हिंदी सिनेमात दाखवलं तर आपण हसू, पण घडलं खरं असंच.

हा फ्राउनहोफर पुढे दुर्बिणीची भिंगं बनवण्यात युरोपात पहिल्या नंबरचा झाला. चांगलं भिंग बनवायचं तर काच प्रत्येक रंगाला नेमकी किती वाकवते हे मोजावं लागतं. पण ‘पिवळा’ म्हणजे नक्की कुठला पिवळा? रंगांच्या पट्ट्यात पिवळा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे बोट ठेवून सांगता येत नाही. १८१४ साली त्याने बारीक फटीतून आलेला सूर्यप्रकाश लोलकातून पाठवला आणि तो दुर्बिणीतून बघितला, तर त्या सप्तरंगी पट्ट्यात शेकडो काळ्या रेघा होत्या. एखाद्या साडीतले मधले मधले धागे कुणी ओढून काढावेत तशा. त्याने ५७४ रेघा मोजल्या आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी नावं दिली. रेघा कशामुळे पडल्या हा त्याचा प्रश्न नव्हता. त्याला पट्टीवर खुणा हव्या होत्या, त्या सूर्याने फुकट दिल्या. एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली नाही. दिव्याच्या ज्योतीत जी झगझगीत पिवळी रेघ दिसते, बरोबर तिच्याच जागी सूर्याच्या पट्ट्यात डी नावाची काळी रेघ आहे. आमच्या अंधाऱ्या खोलीतला पिवळा तो हाच. एकोणचाळिसाव्या वर्षी फ्राउनहोफर गेला तेव्हा या जुळणीचा अर्थ कुणालाही माहीत नव्हता.

अर्थ लागला १८५९ साली, हायडेलबर्गमध्ये. रॉबर्ट बुन्सेनकडे जवळजवळ रंगहीन ज्योत देणारा बर्नर होता. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी वापरला तोच. त्या ज्योतीत क्षार टाकले की ज्योत रंगते. सोडियमने पिवळी, पोटॅशियमने जांभळट. बुन्सेन हे रंग रंगीत काचांमधून ओळखू बघत होता. त्याचा मित्र गुस्टाव किर्खोफ म्हणाला, त्यापेक्षा लोलक लाव. लावला, आणि दिसलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या आणि कायम त्याच जागी असतात. तापलेला वायू ज्या रेघा बाहेर टाकतो, त्याच रेघा तो मागून येणाऱ्या प्रकाशातून गिळतोही. म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे! ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही, असं ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली ठामपणे लिहिलं होतं. पंचवीस वर्षंसुद्धा ते टिकलं नाही. पुढच्या दोन वर्षांत या जोडीने रेघांवरून सीझियम आणि रुबिडियम अशी दोन नवी मूलद्रव्यं शोधली.

तुमच्या घरात एखादी जुनी सीडी पडली असेल तर हे तुम्हालाही दिसेल. एलईडीची नव्हे, जुन्या पद्धतीची पाऱ्याची ट्यूब लागते. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून सीडी तिरकी धरा. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात मध्येच काही रंग जास्त उजळ, तुटक दिसतील. हिरवा तर ठसठशीत. तो पाऱ्याचा अणू आहे.

तर १८६० नंतर जगभर रेघा मोजायचा सपाटा सुरू झाला. लोखंडाच्या हजारो रेघा, कॅल्शियमच्या, पाऱ्याच्या. त्यांची तक्तेच्या तक्ते भरून नोंद झाली. डेटा भरपूर आणि अर्थ शून्य. अणूच्या आत असं काय आहे की तो नेमका हाच रंग देतो आणि शेजारचा देत नाही, यावर कुणाकडे शब्द नव्हता.

सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं, घंटेचं. घंटा वाजवली की मूळ सूर आणि त्याच्या पटीतले सूर निघतात. अणूही तसाच थरथरत असेल. आयर्लंडच्या जॉर्ज जॉन्स्टन स्टोनीने १८७१ साली हायड्रोजनच्या रेघा घेतल्या आणि दाखवलं की त्यांतल्या तिघींच्या वारंवारता २० : २७ : ३२ या प्रमाणात अगदी तंतोतंत बसतात. म्हणजे कुठल्या तरी मूळ सुराचे विसावे, सत्ताविसावे आणि बत्तिसावे पडसाद. ऐकायला छान. पण चौथी रेघ, जी जांभळ्या-निळ्यात ठळक दिसते, ती त्यात बसवली की ३०.२४ येते. पूर्णांक नाही. आणि एक ते एकोणीस हे सूर कुठे गेले? दहा वर्षांनी आर्थर शुस्टरने आकडेमोड करून सांगितलं की अशा जुळण्या निव्वळ योगायोगाने जितक्या सापडाव्यात तितक्याच सापडतात. मशीन लर्निंगवाल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. डेटा कमी आणि हौस जास्त असली की सूत्र हवं तसं बसवता येतं. (हाच स्टोनी वीस वर्षांनी ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द देऊन गेला, त्यामुळे त्याला फार हसू नये.)

आता मास्तर. योहान याकोब बाल्मर. स्वित्झर्लंडच्या बासलमध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. भौतिकशास्त्राशी तसा संबंध नाही. मात्र आकड्यांतल्या प्रमाणबद्धतेचं वेड. बायबलमधल्या यहेज्केलला दिसलेल्या मंदिराच्या मापांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं होतं. साठीला टेकलेल्या या गृहस्थांच्या हाती हायड्रोजनच्या चार रेघांची मापं पडली. स्वीडनच्या अँगस्ट्रॉमने मोजलेली, त्या काळातली सर्वांत अचूक. नॅनोमीटरमध्ये लिहिली तर ६५६.२१, ४८६.०७, ४३४.०१ आणि ४१०.१२.

लाल, हिरवट निळी, निळी-जांभळी, जांभळी. फक्त चार आकडे. यातून काय काढणार?

बाल्मरनी घंटेचा विचार सोडला आणि भूमितीवाल्या माणसासारखा विचार केला. या चारही लांब्या एकाच मापाने मोजता येतील का? त्यांना असं एक माप सापडलं, ३६४.५६. फोनचा कॅल्क्युलेटर उघडा आणि करून बघा. ३६४.५६ ला ९ ने गुणा, ५ ने भागा. मग ४ ने गुणून ३ ने भागा. मग २५ ने गुणून २१ ने. शेवटी ९ ने गुणून ८ ने. चारही आकडे दुसऱ्या दशांशस्थळाच्या आसपासपर्यंत येतात.

पण ९/५, ४/३, २५/२१, ९/८ यात सूत्र काय? खरी गंमत इथे आहे. दुसऱ्या आणि चौथ्या अपूर्णांकाला वर-खाली ४ ने गुणलं की होतात १६/१२ आणि ३६/३२. आता ओळीने बघा: ९/५, १६/१२, २५/२१, ३६/३२. वरती ३, ४, ५, ६ यांचे वर्ग. खालती तोच वर्ग वजा ४. संपलं. आठवीतल्या मुलीला समजेल इतकं सोपं सूत्र आहे, आणि कदाचित म्हणूनच ते मुलींना गणित शिकवणाऱ्या माणसाला दिसलं, मोठ्या प्राध्यापकांना नाही. हे माझं मत, पुरावा मागू नका.

आता हेही स्टोनीसारखंच बसवलेलं सूत्र नाही कशावरून? बाल्मरनी पुढचा आकडा काढला. ३ ते ६ झाले, ७ घातला तर? ४९/४५. उत्तर आलं साधारण ३९७, दिसणाऱ्या प्रकाशाच्या अगदी काठावर. अशी रेघ कुणी बघितली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बासलच्याच विद्यापीठातले प्राध्यापक हागेनबाख त्यांना म्हणाले, ती रेघ सापडली आहे, आणि तिच्या पुढच्याही. हगिन्सने पांढऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशात आणि फोगेलने प्रयोगशाळेत त्या मोजल्या आहेत. बाल्मरनी ८, ९, १० असे आकडे घालत गेले आणि रेघा जागच्या जागी पडत गेल्या. १८८५ साली त्यांचा निबंध छापून आला. स्टोनीचे २०, २७, ३२ इतके अचूक का बसले तेही आता कळलं. बाल्मरच्या सूत्रातून ती प्रमाणं नेमकी निघतातच. योगायोग नव्हता तो, पण घंटाही नव्हती.

का, ते बाल्मरनी सांगितलं नाही. सांगता येणंच शक्य नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडायला बारा वर्षं होती. ३६४.५६ समोर ‘हा बदलू नका’ असं लिहून ते पुन्हा शाळेत शिकवायला गेले.

मधली वर्षं भरभर संपवतो, कारण त्यांतली एकच गोष्ट आपल्याला पाहिजे. स्वीडनमध्ये रिडबर्गने बाल्मरचं सूत्र उलटं करून लिहिलं. तरंगलांबीऐवजी एक भागिले तरंगलांबी. तसं केलं की भागाकार जाऊन साधी वजाबाकी उरते. मग १९०८ साली वाल्टर रिट्झने सांगितलं की हे फक्त हायड्रोजनचं नाही. कुठल्याही अणूची प्रत्येक रेघ ही दोन संख्यांची वजाबाकी असते, आणि या संख्यांची यादी त्या अणूची स्वतःची असते. रिट्झ पुढच्याच वर्षी क्षयाने गेला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. किती जवळ आला होता! रंग म्हणजे कशाचा तरी फरक. कशाचा, तेवढंच राहिलं.

इकडे १९११ साली मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रदरफोर्डने अणूचं पोट उघडून दाखवलं. मध्ये इवलंसं, जड केंद्रक आणि बाहेर बहुतेक पोकळी. तिच्यात इलेक्ट्रॉन. स्थिर असतील तर केंद्रक त्यांना ओढून घेईल, म्हणून ते फिरत असणार, सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे. चित्र देखणं आहे. पण मॅक्सवेलच्या नियमानुसार वळण घेणारा विद्युतभार प्रकाश फेकतो आणि प्रकाश फेकला की ऊर्जा गमावतो. हिशोब केला तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या सुमारे साठ-सत्तर अब्जाव्या भागात गिरक्या घेत केंद्रकात जाऊन पडायला हवा. पडता पडता त्याची फिरण्याची गती वाढत जाईल, म्हणजे रंग सलग बदलत जाईल. रेघा नाहीत, नुसता पसरट उजेड, आणि मग काहीच नाही. म्हणजे त्या चित्रात दोन भानगडी होत्या. अणू टिकत नव्हता, आणि रेघाही मिळत नव्हत्या. आमच्या व्हायवाच्या सरांनी विचारलेला प्रश्न हाच.

नील्स बोरचा जन्म १८८५ सालचा, बाल्मरच्या निबंधाच्याच वर्षीचा. १९१२ मध्ये तो मँचेस्टरला रदरफोर्डकडे काही महिने होता आणि अणू टिकतो कसा या प्रश्नाने त्याला पछाडलं होतं. रेघांकडे त्याने बघितलंही नव्हतं. फुलपाखराच्या पंखांवरच्या रंगांवरून कुणी जीवशास्त्राचा पाया घालत नाही, तसं रेघांवरून अणूचं काही कळेल असं कुणाला वाटत नसे, असं त्याने म्हातारपणी सांगितलं. १९१३ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनमध्ये हान्सेन नावाच्या त्याच्या मित्राने सहज विचारलं, तुझा अणू रेघांबद्दल काय म्हणतो? बोर म्हणाला, ते फार गुंतागुंतीचं आहे. हान्सेन म्हणाला, बाल्मरचं सूत्र एकदा बघ तरी. बोरने बघितलं. ते बघताक्षणी सगळं लख्ख झालं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. महिन्याभरात, ६ मार्चला, त्याने निबंध रदरफोर्डला पाठवला.

त्याला काय दिसलं? वजाबाकी. इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मोकळ्या आहेत. एका पायरीवर असताना तो प्रकाश देत नाही, मॅक्सवेल काहीही म्हणो. प्रकाश निघतो तो एका पायरीवरून दुसरीवर येताना, आणि त्याचा रंग ठरतो दोन पायऱ्यांच्या ऊर्जेच्या फरकाला प्लांकच्या स्थिरांकाने भागून. इलेक्ट्रॉन सेकंदाला किती फेऱ्या मारतो याचा त्या रंगाशी थेट संबंध नाही. ही उडी किती मोठी होती हे पाठ्यपुस्तकात कळत नाही, कारण तिथे ती मुद्दा क्रमांक तीन म्हणून येते. तोवरच्या प्रत्येक माणसाने धरून चाललेली गोष्ट म्हणजे जे थरथरतं त्याच्या थरथरण्याइतकीच लाटेची वारंवारता. तंबोऱ्याची तार जितकी हलते तितकाच सूर. बोर म्हणाला, अणूत तसं नाही.

आणि मॅजिक नंबरचं काय झालं? बोरने इलेक्ट्रॉनचा भार, त्याचं वस्तुमान आणि प्लांकचा स्थिरांक हे तीन आकडे घेतले. तिघेही हायड्रोजनच्या रेघांशी काडीचा संबंध नसलेल्या प्रयोगांतून आलेले. त्यातून त्याने रेघांचा स्थिरांक काढला. पंधरा शून्यं बाजूला ठेवली तर उत्तर आलं ३.१. रेघांवरून मोजलेला होता ३.२९. तेव्हा ते तीन आकडे जितके कच्चे होते त्या मानाने ही जुळणी जबरदस्त होती. ३६४.५६ हा आकडा आता मॅजिक राहिला नव्हता.

रदरफोर्डचं उत्तर दोन आठवड्यांत आलं. कल्पना हुशारीची आहे म्हणाला, पण एक मोठी अडचण दिसते. वरच्या पायरीवरून निघताना इलेक्ट्रॉनला कुठल्या वारंवारतेचा प्रकाश द्यायचा हे कसं ठरवता येतं? कुठे जाऊन थांबायचं हे त्याला आधीच माहीत असावं लागेल. प्रश्न बिनतोड होता. बोरकडे उत्तर नव्हतं. शिवाय रदरफोर्डला निबंध फार लांब वाटला. तेव्हा बोर बोट पकडून मँचेस्टरला गेला आणि कित्येक संध्याकाळी एकेका वाक्यासाठी भांडला. शेवटी रदरफोर्डने हात टेकले. जुलै १९१३ मध्ये निबंध अख्खा छापून आला.

तरी लोकांना पटेना. सूत्र तर बाल्मरचंच, फक्त त्याला विचित्र नियमांची झालर लावली. पटलं ते हेलियममुळे, आणि त्यासाठी थोडं कोकणात जायला हवं.

विजयदुर्गला गेला असाल तर किल्ल्यावरचे चौथरे दाखवून गाइड सांगतो की इथून लॉकियर साहेबाने सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. तारीख बरोबर आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणावरून, जमखंडी-विजापूरवरून गुंटूरकडे गेला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांतल्या तेजस्वी रेघा फ्रान्सच्या झान्सेनने गुंटूरहून टिपल्या. पण नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच लंडनहून ज्वालांच्या रेघा बघितल्या. त्यांत सोडियमच्या डीच्या शेजारी, पण तिच्या जागी नसलेली एक पिवळी रेघ होती, आणि पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. लॉकियर भारतात आला तो १८७१ च्या ग्रहणाला, आणि तेव्हा त्याने तळ ठोकला होता केरळच्या बेकलला. समुद्रकाठचा किल्लाच तो. गोष्ट एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर सरकली असावी असा माझा अंदाज. कोकणी माणूस म्हणून मला हे लिहायला आवडत नाहीये, पण काय करणार.

तर या लॉकियरच्या हाताखाली तयार झालेला आल्फ्रेड फाउलर १९१२ साली रेघांच्या मोजमापातला मोठा माणूस होता. हार्वर्डच्या पिकरिंगला १८९६ साली झीटा पपिस या ताऱ्यात काही रेघा सापडल्या होत्या. बाल्मरच्या सूत्रात ३, ४, ५ ऐवजी अर्धे आकडे, साडेतीन, साडेचार असे घातले की त्या बसायच्या. म्हणून त्या हायड्रोजनच्या मानल्या गेल्या. फाउलरने हायड्रोजन आणि हेलियम भरलेल्या नळीत तशाच रेघा मिळवल्या. बोरच्या सिद्धांतात मात्र अर्ध्या पायऱ्यांना जागाच नव्हती. मग एक तर हा सिद्धांत चूक, नाही तर त्या रेघा हायड्रोजनच्या नाहीत. बोर म्हणाला, त्या हेलियमच्या आहेत. दोनातला एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम. उरलेला एकटा इलेक्ट्रॉन दुप्पट भाराच्या केंद्रकाभोवती, म्हणजे सूत्र तेच, फक्त स्थिरांक चौपट. अर्धे आकडे आपोआप पूर्ण होतात. मँचेस्टरला इव्हान्सने शुद्ध हेलियम भरून बघितलं. हायड्रोजनच्या नेहमीच्या रेघा गायब, आणि वादातली रेघ हजर.

फाउलर सहज हरणारा नव्हता. त्याने मापं तपासली आणि म्हणाला, स्थिरांक चौपट नाही, ४.००१६ पट येतो. माझ्या मापात एवढी चूक नसते. दहा हजारांत चारचा फरक. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सोडा हो. बोरने हिशोब पुन्हा उघडला. त्याने केंद्रक जागच्या जागी स्थिर धरलं होतं. खरं तर इलेक्ट्रॉन फिरताना केंद्रकही किंचित डुलतं, आणि हायड्रोजनचं हलकं केंद्रक हेलियमच्या जड केंद्रकापेक्षा जास्त डुलतं. ते धरून गुणोत्तर आलं ४.००१६३. फाउलरने मान्य केलं.

त्याच सप्टेंबरात व्हिएन्नाच्या एका परिषदेत हेवेशीने आइनस्टाइनला हेलियमची बातमी सांगितली. आइनस्टाइनचे मोठे डोळे आणखी मोठे झाले, असं हेवेशीने नंतर पत्रात लिहिलं. मग प्रकाशाची वारंवारता इलेक्ट्रॉनच्या फिरण्यावर अवलंबूनच नाही तर, असं तो म्हणाला, आणि हा शोध प्रचंड आहे असंही. तो बरोबर त्याच उडीवर बोट ठेवत होता.

बोरचं चित्र टिकलं नाही, हे सांगायला हवं. दोन इलेक्ट्रॉन असलेला साधा हेलियमसुद्धा त्याला सोडवता आला नाही. १९२६ च्या सुरुवातीला पाउली आणि श्रोडिंगर यांनी वेगवेगळ्या वाटांनी हायड्रोजन नव्या क्वांटम यांत्रिकीने सोडवला. त्यात गोल कक्षा नव्हत्याच. इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणी फिरतोय असं म्हणण्याची सोयच गेली. पायऱ्यांच्या ऊर्जा मात्र बोरच्या होत्या तशाच आल्या, आणि पहिली पायरी ही शेवटची का, तिच्याखाली काही का नाही, हे आता गृहीत धरावं लागत नव्हतं. इलेक्ट्रॉनला केंद्रकाजवळ जितकं कोंडावं तितकी त्याची हालचाल वाढते. ओढ आणि ही धडपड यांचा जिथे मेळ बसतो, ती सगळ्यात खालची पायरी. शाळेच्या पुस्तकांत आणि कंपन्यांच्या लोगोंत ते गोल मात्र अजून फिरतायत.

रदरफोर्डच्या प्रश्नाचं काय झालं? १९१६-१७ मध्ये आइनस्टाइनने त्याला हात घातला आणि जे उत्तर आलं ते त्यालाच रुचलं नाही. इलेक्ट्रॉन ठरवत नाही. खाली येण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. तो कधी येईल आणि प्रकाश कुठल्या दिशेला जाईल, हे योगायोगावर सोडावं लागतं. १९२७ साली डिरॅकने ती शक्यता मोजायची पक्की रीत दिली. पण क्षण सांगण्याची रीत नव्हे.

माझ्या ऑफिसातल्या ०.८७ चं कारण तिसऱ्या दिवशी सापडलं. फार क्षुल्लक होतं, एकाच डेटाची दोन ठिकाणी दोनदा होणारी मोजणी. आकडा काढून टाकला. त्या रात्री मला लॅबमधले ते एक्स्टर्नल सर आठवले. आता ते कुठे असतील माहीत नाही. भेटले तर सांगेन. सर, सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन. दहा खालच्या पायऱ्या भरून बसलेले, तिथे जागा नाही, म्हणून अकरावा त्याच्या स्वतःच्या पायरीच्या खाली जाऊ शकत नाही. विजेने ढकलला की तो एक पायरी वर चढतो आणि सेकंदाच्या सुमारे सोळा अब्जांशात परत येतो. फरक २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणून ५८९ नॅनोमीटर, म्हणून पिवळा. सोळा अब्जांश ही सरासरी झाली. एखादा नेमका कधी परत येईल ते विचारू नका, सर. ते मलाच काय, कुणालाच येत नाही.